क्रूझवर तिकिटातलं जेवण की पेड रेस्टॉरंट? बुकिंगपासून शेवटच्या बिलापर्यंत, क्रमाने

क्रूझ बुक झाली की थोड्याच दिवसांत डायनिंग पॅकेजचे ईमेल सुरू होतात, आज घेतलं तर इतके टक्के कमी, उद्या ऑफर संपली, आणि बरेच जण जहाजाचा नकाशासुद्धा न बघता सगळ्या रात्रींची पेड रेस्टॉरंट्स घेऊन मोकळे होतात. दुसऱ्या टोकाला असे लोक आहेत की तिकिटात जेवण आहे ना, मग वर एक पैसा द्यायचा नाही, आणि मग आठवडाभर बफेतल्या दिव्याखाली वाळलेला मासा खातात आणि परत आल्यावर क्रूझचं जेवण बेकार म्हणून सांगत फिरतात. दोघांची गफलत एकच, पेड म्हणजे सगळंच एक पायरी वर असं धरून चालायचं.

तसं नसतं. माल बहुतेक त्याच कोठारातून येतो, आचारीही त्याच कंपनीचे असतात. काही ठिकाणी पेड स्टेकहाउसला वरच्या दर्जाचं मांस असतं हे खरं, पण मोठा फरक पडतो तो पदार्थ तव्यावरून उतरल्यापासून तुमच्या पुढ्यात येईपर्यंत किती वेळ जातो यामुळे. त्यामुळे माझा नियम साधा आहे, थांबलं की बिघडतं त्यालाच पैसे द्यायचे, थांबून बिघडत नाही ते तिकिटातच खायचं. आता हे करायचं कसं ते पुढे क्रमाने लिहिलंय, क्रम बदलू नका कारण बहुतेकांचं नुकसान पाचवी पायरी पहिल्यांदा केल्यामुळे होतं.

पायरी १: आपल्या जहाजावर तिकिटात काय काय येतं ते आधी काढा

कंपनीची वेबसाइट बघून भागत नाही, जहाज बघावं लागतं. एकाच कंपनीच्या जुन्या छोट्या जहाजावर मेन डायनिंग रूम, बफे आणि एक पिझ्झा काउंटर एवढंच असतं आणि नव्या मोठ्या जहाजावर तिकिटातच आठदहा ठिकाणं निघतात. जहाजाचा डेक प्लॅन उघडा, खाण्याच्या प्रत्येक जागेचं नाव लिहून घ्या आणि पुढे तीनपैकी एक खूण करा: तिकिटात, पेड, किंवा अर्धं अर्धं. अर्धं अर्धं म्हणजे आत जायला पैसे नाहीत पण मेनूवरच्या काही पदार्थांना वेगळे पैसे.

ही तिसरी खूणच लोक विसरतात. मेन डायनिंग रूममध्येसुद्धा हल्ली मेनूच्या तळाशी चांगल्या कटचा स्टेक किंवा लॉबस्टर पैसे देऊन मागवायची सोय असते. लॉबस्टरच्या रात्री पहिला तिकिटात आणि दुसऱ्याला पैसे असंही काही जहाजांवर चालतं. कार्निव्हलने तर मेन डायनिंग रूममध्ये दोन मेन कोर्सपर्यंत काही नाही आणि तिसऱ्यापासून पुढे पैसे असा नियम केलाय. रूम सर्व्हिसचंही तेच, कुठे सकाळचा साधा ब्रेकफास्ट तिकिटात आणि बाकी ऑर्डरला डिलिव्हरी चार्ज, कुठे सगळंच पेड.

उलट काही कंपन्यांमध्ये हा सगळा प्रश्नच उरत नाही. व्हर्जिन व्हॉयेजेसवर बफे नाही आणि एक मोठी डायनिंग रूमही नाही, छोटी छोटी रेस्टॉरंट्स आहेत आणि ती जवळपास सगळी भाड्यातच येतात. ओशियानियावर स्टेकहाउस, इटालियन, एशियन ही स्पेशालिटी रेस्टॉरंट्स भाड्यातच, रीजेंटचंही तसंच. व्हायकिंगच्या समुद्री जहाजांवर मॅनफ्रेडीज आणि शेफ्स टेबल ही दोन्ही रेस्टॉरंट्स तिकिटात. इथे पैशाचा नाही, टेबल मिळण्याचा प्रश्न असतो, त्यामुळे तुमची कंपनी यातली असेल तर थेट पायरी ५ मधला बुकिंगचा भाग वाचा.

केबिनचा दर्जाही बघा. सेलेब्रिटीवर अ‍ॅक्वाक्लास दर्जाची केबिन घेतली की ब्लू नावाचं वेगळं रेस्टॉरंट मिळतं, स्वीटवाल्यांना लुमिने, एमएससीच्या यॉट क्लब या महागड्या केबिनच्या विभागाला स्वतःचं रेस्टॉरंट असतं, कनार्डवर तर ग्रिल्स नावाच्या रेस्टॉरंट्सची सगळी व्यवस्थाच केबिनवर ठरते. असं वेगळं रेस्टॉरंट तुमच्या केबिनमध्ये येत असेल तर वर पुन्हा पॅकेज घेणं म्हणजे निव्वळ उधळपट्टी, कारण तिथे माणसं कमी, म्हणजे ताट थांबत नाही, म्हणजे ज्यासाठी पैसे देणार होतात ते आधीच हातात आहे.

तपासा: यादीत निदान एक तरी तिकिटातली जागा अशी आहे का जिथे समोर बनवून देतात? कार्निव्हलचं बर्गर आणि टाकोचं काउंटर, बऱ्याच जहाजांवरचं पिझ्झाचं ओव्हन, पास्ता किंवा वोक स्टेशन. असेल तर तिच्याभोवती गोल करा, पुढे कामाला येईल.

पायरी २: संध्याकाळींचा तक्ता करा

कागदावर रात्री लिहा, पहिली ते शेवटची. प्रत्येकीसमोर चार गोष्टी: जहाज बंदरात किती वाजेपर्यंत आहे, दुसऱ्या दिवशी समुद्रात की बंदरात, त्या रात्री ड्रेस कोड आहे का, आणि तुम्हाला बघायचा शो कधी आहे. हे सगळं कंपनीच्या अ‍ॅपवर मिळतं, शोच्या वेळा कधी कधी उशिरा टाकतात पण बाकीचं आधीच दिसतं.

मग खोडायला लागा. रात्री नऊदहापर्यंत जहाज बंदरात असेल ती रात्र खोडा, तुम्ही दमून भागून येणार आणि दोन तासांच्या जेवणात तुमचे डोळे मिटणार. फॉर्मल नाइट खोडा, कारण मेन डायनिंग रूमचा सगळ्यात चांगला मेनू बहुतेक त्याच रात्री असतो आणि लॉबस्टर असला तर बहुधा तेव्हाच. लोक नेमकं उलटं करतात, आज नटून थटून आलोय तर भारी जागी जाऊ म्हणून त्याच रात्री पेड रेस्टॉरंट घेतात आणि तिकिटातला लॉबस्टर हुकतो.

शेवटची रात्रही शक्यतो नको, बॅगा बाहेर ठेवायच्या असतात, मन निघालेलं असतं. काय उरलं? साधारण सात रात्रींच्या क्रूझमध्ये दोनतीन रात्री उरतात, त्यातल्या एकदोन पेडसाठी ठीक.

डिस्नीवर एक गोष्ट वेगळी आहे. तिथे दर रात्री तुम्हाला वेगळ्या थीमच्या डायनिंग रूममध्ये पाठवतात आणि तुमचा वेटर तुमच्याबरोबर फिरतो. त्यातली एखादी जागा फक्त एकदाच वाट्याला येत असेल आणि तुम्ही त्याच रात्री पालोमध्ये बसलात, तर ती जागा गेली. पालो पेड आहे आणि फक्त मोठ्यांसाठी, त्यामुळे मुलांची सोय त्या रात्री काय, हेही तक्त्यात लिहा.

पथ्य किंवा अ‍ॅलर्जी असेल तर याच पायरीला कंपनीला लेखी कळवून टाका, क्रूझच्या काही आठवडे आधी, आणि उत्तर जपून ठेवा. शाकाहारी, व्हेगन, ग्लूटेन नको अशांना मेन डायनिंग रूम पेड रेस्टॉरंटपेक्षा बऱ्याचदा जास्त सोयीची पडते. कारण साधं आहे, तिथे हेड वेटर आदल्या रात्री उद्याचा मेनू दाखवतो आणि तुमच्यासाठी वेगळं बनवून ठेवायला सांगतो. स्टेकहाउसमध्ये शाकाहारी माणसाला पूर्ण कव्हर चार्ज, म्हणजे त्या जेवणाचे माणशी ठरलेले पैसे, भरून साइड डिशेसवर जेवण उरकावं लागतं असं सर्रास होतं.

सावधान: तक्ता झाल्याशिवाय कुठलंही पॅकेज घेऊ नका. ऑफर परत येतात.

पायरी ३: कोणता पदार्थ कुठे खायचा हे ठरवा

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, सावकाश वाचा.

मोठ्या जहाजाच्या मेन डायनिंग रूममध्ये पहिल्या पंगतीला हजारावर माणसं अर्ध्या तासात बसतात. गॅलीमध्ये, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात, लाइन लागलेली असते, ताट भरलं की वर झाकण, अशी झाकलेली ताटं एकावर एक रचून वेटर मोठा ट्रे खांद्यावर घेतो आणि मग हॉलच्या त्या टोकापर्यंत चालत येतो. त्या झाकणाखाली दोन गोष्टी घडतात. मांस स्वतःच्याच उष्णतेने आतून शिजत राहतं, म्हणून मीडियम रेअर मागितलेला स्टेक कापला की आत गुलाबी पट्टा कुठेतरी मधोमध बारीकसा उरलेला दिसतो आणि बाकी राखाडी. आणि वाफ कोंडते, त्यामुळे तळलेलं किंवा वरून कुरकुरीत केलेलं काहीही मऊ पडतं. आचारी वाईट नसतो, झाकण वाईट असतं.

म्हणून तिकिटात हे खा: सूप, थंड स्टार्टर, म्हणजे श्रिंप कॉकटेल, कार्पाचो, सॅलड. तासन् तास मंद शिजवलेलं मांस, शॉर्ट रिब, लॅम्ब शँक. अख्खा रोस्ट भाजून त्याचे काप करतात तो प्राइम रिब. लझानिया, रश्शाचे पदार्थ, भाजलेल्या भाज्या. गोडात चीजकेक किंवा गरम चॉकलेट केक. हे सगळं थोडं थांबलं तरी फारसं बिघडत नाही, काही तर मुरून चांगलं लागतं.

तिकिटात यांची फार आशा ठेवू नका: पातळ स्टेक, पातळ माशाचा तुकडा, रिसोटो, सूफ्ले, तळलेला स्क्विड. पेड जागी खायचं ते हेच. स्टेकहाउसमध्ये स्वयंपाकघर जवळ, टेबलं मोजकी, ताट तयार झालं की उचललं आणि आणलं. सुशीचंही तसंच, समोर वळून दिलेला तुकडा आणि बफेत तासभर पडलेला तुकडा यांचा भात वेगळाच लागतो. पैसे वसूल होण्यात माझ्या मते पहिला नंबर स्टेकहाउसचा, दुसरा सुशीचा.

इटालियनला मी बहुतेक जहाजांवर शेवटी ठेवतो. चांगलं नसतं असं नाही, पण पास्ता, पिझ्झा, लझानिया, तिरामिसू यातलं बरंचसं तिकिटात कुठे ना कुठे मिळतंच, मग फरक मुख्यतः टेबलक्लॉथचा राहतो. टेपनयाकीमध्ये, म्हणजे समोरच्या मोठ्या तव्यावर करून देतात त्या जपानी जेवणात, तुम्ही अर्धे पैसे खेळाचे देता, उलथनं आणि सुरी नाचवणाऱ्या आचाऱ्याचे, मुलं बरोबर असतील तर धमाल, दोघंच असाल आणि शांतता हवी असेल तर अनोळखी लोकांच्या मांडीला मांडी लावून बसायचंय हे लक्षात ठेवा. सेलेब्रिटीवरचं ल पती शेफ तर उघडउघड खेळच आहे, ताटावर प्रोजेक्टरने छोटासा शेफ पळताना दाखवतात आणि मग तो पदार्थ येतो. बघायला मजा, फक्त जेवणाच्या दर्जासाठी म्हणून जाऊ नका. ब्राझिलियन पद्धतीचं सळईवरचं मांस हे भुकेवर अवलंबून, दुपारी बफेत हात आखडता घेतलात तरच.

आणखी एक कारण पैसे द्यायला एकदम रास्त आहे, शांतता. टेबलं लांब लांब, घाई नाही, शेजारच्यांचं बोलणं ऐकू येत नाही. वाढदिवस असेल, बरीच वर्षं दोघंच असे बाहेर गेला नसाल, तर पदार्थ कुठलाही असो, द्या पैसे. फक्त आपण शांततेचे पैसे देतोय हे स्वतःला माहीत असू द्या म्हणजे नंतर पास्ता आणि कव्हर चार्जचा हिशोब जुळवत बसणार नाही.

तपासा: ज्या पेड रेस्टॉरंटचा विचार आहे त्याचा मेनू उघडा आणि असे दोन पदार्थ दाखवा जे तिकिटात मिळत नाहीत किंवा झाकणाखाली बिघडतात. दोन सापडले नाहीत तर ते रेस्टॉरंट यादीतून काढा.

पायरी ४: खरा आकडा काढा

जाहिरातीत दिसतो तो कव्हर चार्ज, बिलात येतो तो वेगळा. त्यावर सर्व्हिस चार्ज चढतो, अमेरिकन कंपन्यांमध्ये साधारण १८ ते २० टक्के. पेयं बहुतेक वेगळी, मेनूवर काही पदार्थांपुढे जादा रक्कम लिहिलेली असते तीही वेगळी. समजा कव्हर ५० डॉलर आहे, दोघांचे १०० आणि १८ टक्क्यांनी ११८, त्यात एकाने जादा रकमेचा कट घेतला आणि दोन ग्लास वाइन झाले की आकडा बराच वर जातो. काही रेस्टॉरंटमध्ये कव्हरच नसतो, प्रत्येक डिशला पैसे, तिथे सुशीसारख्या छोट्या प्लेटा मागवता मागवता कळतच नाही कुठे पोचलो.

आता पॅकेज. इथे लोक पॅकेजची किंमत भागिले एकूण रात्री असं करतात आणि खूश होतात. भागायचं असतं ते तुमच्या तक्त्यात उरलेल्या जेवणांनी. आकडे धरून बघू: सात रात्रींचं अमर्याद पॅकेज माणशी २८० डॉलर, १८ टक्के धरून ३३०.४०. तुमच्या तक्त्यात प्रत्यक्षात चार रात्री आणि दोन दुपारी बसतात. सुटं घेतलं तर ५० गुणिले ४ अधिक २५ गुणिले २, म्हणजे २५०, १८ टक्क्यांनी २९५. पॅकेज महाग पडलं, आणि तेही चार रात्री पेड खायच्या आहेत असं धरून, मघाशी तर दोनतीनच उरल्या होत्या. शिवाय पॅकेज घेतलं की वसूल करायची खुमखुमी येते, मग फॉर्मल नाइटलाही तिकडेच जाता.

तिकिटाबरोबर ‘भेट’ म्हणून पेड जेवणं देणाऱ्या ऑफर असतात, नॉर्वेजियनच्या अशा बंडलमध्ये क्रूझ किती रात्रींची आहे त्यावर जेवणांची संख्या ठरते. ती वापरा, पण सगळ्यात महागड्या जागी वापरा, आणि भेट असली तरी त्यावर सर्व्हिस चार्ज आधीच भरावा लागतो का ते बघून घ्या.

सावधान: पॅकेज घ्यायच्या आधी बारीक अक्षरं वाचा. कुठली रेस्टॉरंट्स वगळली आहेत (शेफ्स टेबल, म्हणजे मोजक्या लोकांसाठी आचाऱ्याने मांडलेलं खास जेवण, बऱ्याचदा वगळलेलं असतं), समुद्राच्या दिवशीची दुपार धरली आहे का, डिशनुसार पैसे असलेल्या जागी किती रकमेपर्यंत चालतं, आणि मुलांना वेगळा दर आहे का.

पायरी ५: आता बुकिंग, पण सगळं एकाच वेळी नाही

कमी जागांची ठिकाणं घरूनच बुक करा: टेपनयाकी, सुशी काउंटर, शेफ्स टेबल. ही भरतात. सगळं भाड्यात येणाऱ्या कंपन्यांमध्ये तर बुकिंग उघडेल त्या दिवशीच बसा, नाहीतर रात्री साडेनऊचं टेबल पदरात पडतं.

स्टेकहाउससारख्या मोठ्या जागेसाठी दोन रस्ते आहेत. आधी घेतलं तर दर साधारण कमी असतो आणि वेळ मनासारखी मिळते. जहाजावर घेतलं तर पहिल्या रात्री कधी कधी सवलत असते, कारण त्या रात्री लोक गोंधळलेले असतात आणि पेड जागा रिकाम्या पडतात. समुद्राच्या दिवशी दुपारी उघडत असेल तर दुपारचं घ्या, दर कमी आणि मेनू बऱ्यापैकी तोच. ही युक्ती जहाजावर फारसं कोणी सांगत नाही.

आधी बुक केलं असेल तर अधूनमधून दर बघत राहा. बऱ्याच कंपन्यांमध्ये निघायच्या आधीपर्यंत रद्द करून कमी दरात परत घेता येतं. रद्द करण्याआधी नवीन दराचं टेबल खरंच शिल्लक आहे ना ते बघा, आणि पैसे कार्डावर परत येतात की जहाजावरच्या क्रेडिटमध्ये, तेही.

तपासा: रद्द करायची मुदत. बऱ्याच ठिकाणी २४ तास आधीपर्यंत चालतं आणि न सांगता गैरहजर राहिलं की पैसे लागतात. फोनवर अलार्म लावा, समुद्रात जहाजाची वेळ आणि फोनची वेळ कधी कधी वेगळी असते हे धरून.

पायरी ६: चढल्याच्या दिवशी दुपारी करायची तीन कामं

सगळी गर्दी बॅगा घेऊन बफेत घुसते. तुम्ही पायरी १ मध्ये गोल केलेल्या जागी जा, ती बहुधा उघडी असते आणि बफेपेक्षा मोकळी असते. काही जहाजांवर त्या दुपारी मेन डायनिंग रूमही उघडी असते पण सांगत नाहीत, अ‍ॅपवर बघा.

खाऊन झालं की मेन डायनिंग रूममधलं आपलं टेबल प्रत्यक्ष जाऊन बघा. किचनच्या दाराजवळ, वेटरच्या साइड स्टेशनला चिकटून, किंवा दहा अनोळखी लोकांबरोबर असेल आणि नको असेल तर त्याच दुपारी मैत्र डी, म्हणजे डायनिंग रूमचा प्रमुख, बसलेला असतो त्याला भेटा. नम्रपणे, नेमकं काय हवंय ते सांगून. दुसऱ्या दिवसापर्यंत बदलायच्या जागा संपतात. किचनच्या अगदी दारात गोंगाट असतो, पण हॉलच्या पार दुसऱ्या टोकापेक्षा मधलं टेबल चांगलं, ताट लवकर पोचतं.

तिसरं काम, अ‍ॅपवर पुढच्या रात्रींचे मेनू बघून तक्त्याशी जुळवा. ज्या रात्री तुम्ही पेड घेतलंय त्या रात्री तिकिटात तुमचा आवडता पदार्थ निघाला तर बुकिंग दुसऱ्या रात्रीवर सरकवायची हीच वेळ.

पायरी ७: मेन डायनिंग रूममधून चांगलं जेवण काढून घ्या

इथे बहुतेक लोक हॉटेलात बसल्यासारखे एक स्टार्टर, एक मेन, एक गोड मागवतात आणि जे येईल ते मुकाट खातात. तुम्ही असं करा.

वेळेवर बसा, पंगत सुरू होताच. ज्यांना हव्या त्या वेळी यायची सोय आहे त्यांनी सात ते आठ टाळा, सगळी झुंबड तेव्हाच असते. वेटरला “काय चांगलं आहे” विचारलं की सगळंच चांगलं आहे असं उत्तर येतं. त्याऐवजी विचारा, “आज यातलं काय मागवू नको?” वेटर हसतो, आजूबाजूला बघतो आणि हळूच बोट ठेवतो. संध्याकाळभर परत आलेली ताटं त्यानेच उचललेली असतात.

खात्री नसलेला मेन कोर्स स्टार्टरच्या आकारात मागा, आवडला तर मोठा. दोन स्टार्टर आणि मेन नाही, हेही चालतं. सॉस वेगळा मागा, विशेषतः मासा आणि स्टेकवर, झाकणाखाली सॉसमुळेच ते भिजून जातात. आणि स्टेक घ्यायचाच असेल तर तुम्हाला हवा त्यापेक्षा एक पायरी कमी शिजवायला सांगा, बाकीचं शिजायचं काम वाटेत होतं.

बिघडलेलं ताट आलं तर दोन घासांतच सांगा. अर्धं खाऊन नाही, आणि क्रूझ संपल्यावर सर्व्हेत तर अजिबात नाही. बदलून देतात, तोंड वाकडं न करता. हेड वेटर टेबलापाशी येऊन सगळं ठीक ना विचारतो तेव्हा लोक सवयीने हो हो म्हणतात आणि तो गेला की कुरकुरतात, त्याला काही अर्थ नाही.

समुद्राच्या दिवशी सकाळी किंवा दुपारी मेन डायनिंग रूम उघडी असेल तर बफे सोडून तिथे जा. गर्दी कमी, म्हणजे ताट कमी थांबतं, म्हणजे तेच आचारी आणि तोच माल असून जेवण संध्याकाळपेक्षा चांगलं.

तपासा, दोन रात्रींनंतर: जेवण गरम येतंय का? वेटरला तुमच्या आवडीनिवडी लक्षात राहिल्या का? दोन्हीला हो असेल तर उरलेल्या पेड रात्रींपैकी एखादी मुदतीत रद्द करायचा विचार करा. दोन्हीला नाही असेल तर आधी टेबल बदलून मागा, पेड रेस्टॉरंट हा दुसरा उपाय.

पायरी ८: बफे, थोडक्यात

उघडल्यापासूनच्या पहिल्या अर्ध्या तासात जा. दारातली पहिली रांग सोडा, बऱ्याच मोठ्या जहाजांवर दोन्ही बाजूंना तेच पदार्थ असतात आणि आतल्या बाजूला कोणी नसतं. आधी रिकाम्या हाताने एक फेरी, मग प्लेट. ऑम्लेट, पास्ता, वोक, कापून देतात तो रोस्ट, असं समोर बनवून किंवा कापून देणारं आधी, भांड्यातलं नंतर. संध्याकाळी मेन डायनिंग रूमच्या मेनूतले काही पदार्थ बफेतही ठेवलेले असतात, त्यामुळे कपडे बदलायचा कंटाळा आलाय त्या रात्री रश्शाचा पदार्थ इथेच घ्या, चव फारशी वेगळी नसते.

हात साबणाने धुवा, निदान २० सेकंद. दारातल्या सॅनिटायझरवर विसंबू नका, जहाजांवर पोट बिघडवणाऱ्या नोरोव्हायरसवर तो नीट चालत नाही. गरम पदार्थ गरम नसेल, कोमट असेल, तर सोडून द्या. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या जहाज तपासणीत गरम अन्न ५७ अंश सेल्सियसच्या वर आणि थंड ५ अंशांच्या खाली ठेवायचा नियम आहे. ही तपासणी न सांगता होते, १०० पैकी गुण देतात आणि ८५ किंवा कमी म्हणजे नापास. तुमचं जहाज अमेरिकन बंदरांना लागत असेल तर त्याचे गुण सीडीसीच्या साइटवर नावानिशी बघता येतात, बुकिंगच्या आधी एकदा बघून घ्या.

पायरी ९: पेड रेस्टॉरंटमध्ये गेल्यावर

त्या दिवशी दुपारी हलकं खा. एवढं सांगूनही लोक चार वाजता पिझ्झा हाणतात आणि सात वाजता स्टेकहाउसमध्ये अर्धा स्टेक टाकून येतात.

बसल्यावर विचारा, कव्हरमध्ये किती पदार्थ येतात? काही ठिकाणी दुसरा मेन कोर्सही चालतो, काही ठिकाणी एकच. जादा रकमेचा कट सुचवला तर कव्हरमधला तेवढाच जाड आहे का ते विचारा, बहुतेक वेळा कव्हरमधलाच पुरेसा असतो. पाणी बाटलीचं की साधं हे वेटर बोलता बोलता उरकतो, बाटली बिलात येते, साधं म्हणा.

इथेही पदार्थ बिघडला तर लगेच सांगा आणि इथे जरा ठामपणे सांगा, तुम्ही नेमके नीट शिजवून वेळेत आणण्याचेच पैसे दिले आहेत. बदलून दिलेलंही तसंच निघालं तर मॅनेजरला बोलवा, कव्हर चार्ज कमी करणं किंवा काढणं त्याच्या हातात असतं आणि चांगल्या जागी तो स्वतःहून करतो.

उठायच्या आधी स्लिप वाचा. सर्व्हिस चार्ज आधीच लावलेला असतो आणि खाली टिपची रिकामी ओळही असते. ती ऐच्छिक आहे, भरायलाच हवी असं नाही. पॅकेजमधलं जेवण असेल तर स्लिपवर शून्य दिसतंय ना, ते बघितल्याशिवाय सही करू नका.

पायरी १०: बिल

अ‍ॅपवर किंवा केबिनच्या टीव्हीवर तुमचं खातं रोज दिसतं, एक दिवसाआड बघा. नेहमीच्या चुका तीन: पॅकेज असून कव्हर परत लागलेला, मुदतीत रद्द केलेल्या टेबलाचा गैरहजेरीचा दंड, आणि पेयाच्या पॅकेजमध्ये बसणाऱ्या ग्लासाचे वेगळे पैसे. रद्द केल्याचा स्क्रीनशॉट ठेवलात तर काउंटरवर दोन मिनिटांत काम होतं.

हे सगळं शेवटच्या रात्रीच्या आत निपटवा, दुपारी लोक पूलवर असतात तेव्हा काउंटरवर रांग नसते. उतरायच्या सकाळी गेलात तर पुढे पन्नास माणसं बॅगा घेऊन उभी असतात, आणि उतरल्यावर तीच दुरुस्ती ईमेलवर आठवडे घेते.